आजची कला आणि डॉक्टरकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रकलेचा आणि डॉक्टरकीचा मुळात संबंध काय?

खूप जुना संबंध आहे आणि अगदी कामापुरता सुरू झालेला. फोटो नव्हते तेव्हा शरीराच्या आत काय दिसलं हे दुसऱ्याला दाखवायचं तर चित्र काढण्यावाचून इलाज नव्हता. १५४३ मध्ये व्हेसॅलियस नावाच्या डॉक्टरचा शरीररचनेवरचा ग्रंथ स्वित्झर्लंडमधल्या बाझलला छापला गेला, त्यातली कातडी सोललेली माणसं डोंगर-झाडांच्या देखाव्यात ऐटीत उभी आहेत, आणि ती चित्रं काढून टाकली तर त्या ग्रंथाचा जीवच जाईल. लिओनार्दोने त्याच्याही आधी स्वतःच्या हाताने प्रेतं उघडून रेखाटनं केली होती, पण ती त्याच्या हयातीत छापलीच गेली नाहीत.

त्या काळी चित्रकार बहुतेक वेळा डॉक्टरांच्या मदतीला असायचा, दाखवतील ते नीट काढून द्यायचं. आजचा कलाकार तेवढ्यावर थांबत नाही, तो विचारतो की टेबलावर पडलेलं हे शरीर कोणाचं आहे हो? मला विचाराल तर या विषयाची खरी गोम इथेच आहे आणि खालच्या बहुतेक उत्तरांत मी फिरून फिरून इथेच येणार आहे.

"कोणाचं शरीर" म्हणजे काय? जुन्या चित्रांत ते माहीत नसतं का?

रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं १६३२ चं, डॉ. टुल्प प्रेताचं विच्छेदन करून दाखवतायत ते चित्र आठवा, ते हेगच्या माउरित्सहाउस म्युझियममध्ये आहे. काळ्या कपड्यातले, पांढऱ्या कॉलरवाले गंभीर लोक, मधे फिकट पडलेलं प्रेत, आणि डॉक्टर चिमट्याने डाव्या हाताचे स्नायू उचलून दाखवतायत. आता एक गोष्ट झूम करून बघा. मागच्यांपैकी एकाच्या हातात कागद आहे आणि त्या कागदावर तिथे हजर असलेल्या सर्जन लोकांची नावं आहेत, ती नंतर कोणीतरी लिहिली. म्हणजे ज्यांनी चित्रात यायला पैसे दिले त्यांची नावं चित्रातच आहेत, आणि मधे जो पडलाय त्याचं नाव नाही. त्याचं नाव होतं आड्रियान आड्रियान्सझोन, लोक त्याला आरिस किंट म्हणायचे, चोरीच्या गुन्ह्यात त्याला फाशी झाली होती. तेव्हा विच्छेदनाला प्रेत मिळायचं ते असंच, फासावर गेलेल्याचं.

आणखी एक, खऱ्या विच्छेदनात आधी पोट उघडायचे कारण ते सगळ्यात आधी सडतं. इथे पोट शाबूत आहे आणि हात उघडलाय. म्हणजे रेम्ब्रांटने डोळ्यासमोरचं जसंच्या तसं उतरवलं नाही, त्याने मांडणी केली. हे एकदा लक्षात आलं की "डॉक्टरी चित्र म्हणजे नुसती माहिती" हा समज कायमचा जातो, माझा तरी गेला.

आजच्या एखाद्या कलाकाराने हा प्रश्न सरळ विचारलाय का?

विचारलाय, आणि माझ्या मते क्रिस्टिन बोरलँडइतका सरळ कोणीच विचारलेला नाही. स्कॉटलंडच्या या बाईंनी १९९४ मध्ये ग्लासगोत एक काम दाखवलं. वैद्यकीय शिक्षणासाठी सांगाडे विकणाऱ्यांकडून त्यांनी एक खरा मानवी सांगाडा विकत घेतला. पार्सलने आलेली हाडं. मग त्या हाडं वाचणाऱ्या तज्ज्ञांकडे गेल्या, जे पोलीस तपासात मदत करतात तसे, आणि विचारलं की ही व्यक्ती कोण होती? उत्तर मिळालं की आशियाई वंशाची बाई, वय साधारण २५, आणि एकदा तरी गरोदर राहिलेली. कवटीवरून चेहरा घडवला गेला, त्याचं ब्राँझमध्ये डोकं झालं.

इतकंच. नाव काही सापडलं नाही, सापडणारही नव्हतं. पण ज्या वस्तूला कॅटलॉगात "सांगाडा, १ नग" अशी जागा होती तिला वय मिळालं, पोटातलं बाळ मिळालं, चेहरा मिळाला. जगभरातल्या मेडिकल कॉलेजांना वर्षानुवर्षं सांगाडे पुरवणारा सगळ्यात मोठा देश भारत होता आणि १९८५ मध्ये आपल्या सरकारने ही निर्यात बंद केली, हे माहीत असलं की त्या ब्राँझच्या चेहऱ्याकडे बघणं अजूनच अवघड होतं.

मेणाच्या पुतळ्यांबद्दल ऐकलंय, ते काय प्रकरण आहे?

प्रेतं टिकत नाहीत, म्हणून १८ व्या शतकात इटलीत मेणाची शरीरं बनवायला लागले. फ्लॉरेन्सचं ला स्पेकोला म्युझियम १७७५ मध्ये उघडलं, तिथे क्लेमेंते सुसिनीच्या हाताखाली बनलेली एक तरुणी आहे जिचं पोट झाकणासारखं उघडतं आणि एकेक अवयव बाहेर काढता येतो. गळ्यात मोत्यांची माळ, केस मोकळे, मान मागे टाकलेली, चेहऱ्यावर झोपेत असल्यासारखा भाव. आतडी दाखवायला मोत्यांची माळ कशाला लागते? हा प्रश्न कितीतरी आजच्या बायका-कलाकारांना छळतो आणि त्यातून बरीच कामं झाली आहेत.

त्याच काळात बोलोन्यात आना मोरांदी मांझोलिनी नावाची बाई स्वतः विच्छेदन करून मेणाचे नमुने करायची. तिने स्वतःचाही पुतळा केला, त्यात ती ठेवणीतल्या कपड्यांत बसून मेंदू उघडतेय. हा पुतळा मला मोत्यांच्या माळेवालीपेक्षा शंभर पटीने आवडतो, शरीर बघणारी बाई आणि बघितली जाणारी बाई यात किती अंतर आहे ते या दोघींना शेजारी ठेवलं की कळतं.

गोळ्या-औषधं कलाकृतीत मांडून काय मिळतं? मेडिकलच्या दुकानात आणि त्यात फरक काय?

ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टने १९९२ मध्ये "फार्मसी" नावाचं इन्स्टॉलेशन केलं, अख्खी खोलीच औषधाच्या दुकानासारखी, कपाटात खोकी ओळीने लावलेली. त्याचं म्हणणं साधारण असं की लोक आधी देवावर विश्वास ठेवायचे तसे आता गोळीवर ठेवतात. ठीक आहे, मुद्दा पटतो, पण खोली थंड वाटते, माणूस दिसत नाही.

माणूस बघायचा असेल तर ब्रिटिश म्युझियममधलं २००३ चं "पाळण्यापासून थडग्यापर्यंत" बघा. एक कापडाची कलाकार, एक व्हिडिओ कलाकार आणि एक जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, अशा तिघांनी मिळून ते केलंय. १३ मीटर लांबीचे दोन पट्टे, एक पुरुषाचा आणि एक बाईचा. बारीक नायलॉनच्या धाग्याने विणलेली जाळी आणि जाळीच्या प्रत्येक कप्प्यात एक गोळी, प्रत्येक पट्ट्यात १४,००० च्या वर, म्हणजे ब्रिटनमधल्या माणसाला आयुष्यभरात सरासरी जेवढ्या गोळ्या लिहून दिल्या जातात साधारण तेवढ्या. सुरुवात जन्मल्यावरच्या व्हिटॅमिन केच्या इंजेक्शनने, मग लसी, मग तुरळक अँटिबायोटिक, बाईच्या पट्ट्यात पुढे गर्भनिरोधक गोळ्यांच्या ओळीच्या ओळी. आणि मग शेवटाकडे रंग एकदम दाटतात. त्या पुरुषाने शेवटच्या १० वर्षांत जेवढ्या गोळ्या घेतल्या तेवढ्या आधीच्या ६६ वर्षांत मिळून घेतल्या होत्या. पट्ट्याच्या कडेने खऱ्या लोकांचे घरगुती फोटो लावलेत, वाढदिवस, लग्न, हॉस्पिटलची खाट. माझ्या वडिलांचा गोळ्यांचा डबा, सोमवार ते रविवार कप्पे असलेला, मी रोज रात्री भरायचे, त्यामुळे असेल पण या जाळीचे फोटो पहिल्यांदा बघितले तेव्हा मला पुढे काही वाचवेना.

तिसरं उदाहरण कॅनडाच्या जनरल आयडिया या तिघांच्या ग्रुपचं. १९९१ मध्ये त्यांनी भिंतभर प्लॅस्टिकच्या कॅप्सूल लावल्या, १,८२५ कॅप्सूल. रोज पाच, वर्षभर, एझेडटी नावाचं एड्सचं तेव्हाचं औषध. भिंत कॅलेंडरसारखी दिसते. तिघांपैकी दोघं १९९४ मध्ये एड्सनेच गेले.

कलाकार स्वतःच पेशंट असेल तर?

तर काम फार वेगळं होतं. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो सगळ्यांना माहितीये, १९२५ मध्ये बसच्या अपघातात तिचा पाठीचा कणा आणि ओटीपोटाची हाडं मोडली, आणि नंतरच्या आयुष्यात ऑपरेशनं संपलीच नाहीत. "तुटलेला खांब" हे १९४४ चं चित्र प्रसिद्ध आहे, पण मला तिने रंगवलेली प्लॅस्टरची कॉर्सेट, म्हणजे पाठीला आधार देणारी कवचं, जास्त महत्त्वाची वाटतात. अंगावर चढवलेलं प्लॅस्टर तिने आरशात बघून रंगवलं, डॉक्टरांनी दिलेली वस्तू आपली करून टाकली. ती गेल्यावर तिच्या वस्तू घरातल्या एका बाथरूममध्ये कुलूपबंद होत्या, २००४ पर्यंत.

आणि जो स्पेन्स. लंडनची फोटोग्राफर, १९८२ मध्ये ब्रेस्ट कॅन्सर निघाला. हॉस्पिटलच्या बेडवर असताना एक तरुण डॉक्टर विद्यार्थ्यांच्या घोळक्यासह आला, कागद बघितला आणि तिच्या छातीवर, जो स्तन काढायचा त्याच्या वर, शाईने फुली मारली. ऑपरेशनला जाण्याआधी तिने स्वतःचा फोटो काढून घेतला होता, आणि त्यात स्तनावर पेनाने लिहिलं होतं की ही जो स्पेन्सची मालमत्ता, आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह बघा. ठाम वाक्य लिहिता आलं असतं, पण तिला तेव्हा खरंच खात्री नव्हती की हे शरीर आपलं उरलंय का. पूर्ण स्तन काढायला तिने नकार दिला, फक्त गाठ काढली. ज्याने ज्याने कधी हॉस्पिटलचा गाऊन घालून स्ट्रेचरवर वाट बघितलीये त्याला हा फोटो समजावून सांगावा लागत नाही.

एक्स-रे, एंडोस्कोपी, एमआरआय ही मशीनं वापरून कोणी काम करतं का?

हो, भरपूर. त्यातलं एक सांगते. मोना हातूम या कलाकार बाईने १९९४ मध्ये स्वतःच्या शरीराचा आतून-बाहेरून एंडोस्कोपच्या, म्हणजे शरीरात घालायच्या नळीच्या, कॅमेऱ्याने व्हिडिओ केला. बघणारा एका पांढऱ्या गोल खोलीत शिरतो, व्हिडिओ पायाखाली जमिनीवर गोलात चालू असतो, ओले गुलाबी बोगदे, आणि कानावर श्वास आणि हृदयाचे ठोके. कामाच्या फ्रेंच नावाचा अर्थ "परकं शरीर". डॉक्टरी भाषेत बाहेरून आत शिरलेल्या वस्तूला फॉरेन बॉडी म्हणतात, म्हणजे इथे कॅमेरा परका. पण स्वतःचं आतलं शरीरसुद्धा आपल्याला किती परकं असतं ना, रिपोर्ट हातात आला तरी ते "माझं" वाटत नाही.

हिस्टेरियावर (बायकांच्या झटक्यांना तेव्हा दिलेलं नाव) इतक्या कलाकृती का होतात?

कारण तो आजार बऱ्याच अंशी चित्रांनीच घडवला. पॅरिसच्या साल्पेत्रिएर हॉस्पिटलमध्ये १८७० च्या दशकात शार्को नावाच्या बड्या डॉक्टरने फोटो विभाग चालवला, बायका-पेशंटचे झटक्यातले फोटो छापले, मंगळवारी लोकांसमोर केस दाखवायचा. त्यातली पाठीची कमान करून ताठ झालेली बाई हे त्या आजाराचं जणू अधिकृत चित्र झालं. १९९३ मध्ये शिल्पकार लुईज बुर्ज्वाने तीच कमान ब्राँझमध्ये केली, चकचकीत, छताला टांगलेली, डोकं नसलेली, आणि शरीर पुरुषाचं. एवढा एकच बदल. शंभर वर्षांचं ओझं तेवढ्याने हललं.

स्वतःच्या रक्ताचा पुतळा, स्वतःवर सर्जरी, हे नुसतं खळबळ माजवायला नाही का?

काही वेळा असतं, मान्य. ब्रिटिश कलाकार मार्क क्विनने १९९१ मध्ये स्वतःचं रक्त काही महिने साठवून, साधारण साडेचार लिटर, म्हणजे माणसाच्या अंगात असतं तेवढं, गोठवून स्वतःचं डोकं केलं. दर पाच वर्षांनी नवं करतो. ते डोकं फ्रीजवर जगतं, वीज गेली तर संपलं. आधी मलाही ते आचरट वाटलं होतं, मग अतिदक्षता विभागात मशीनवर असलेलं माणूस जवळून बघितल्यावर वाटेनासं झालं.

फ्रान्सच्या ऑर्लानने १९९० ते ९३ दरम्यान नऊ सर्जऱ्या करून घेतल्या, जुन्या प्रसिद्ध चित्रांतल्या बायकांची कपाळ-हनुवटी वगैरे उसनी घेऊन. भूल फक्त तेवढ्या भागाला, ती स्वतः जागी, वाचून दाखवतेय, एक ऑपरेशन तर सॅटेलाइटने लाइव्ह. मला बघवत नाही. पण टेबलावरची बाई बोलत असते, हे शार्कोच्या फोटोंच्या शेजारी ठेवून बघा.

साथीच्या रोगांवरच्या कलेत सगळ्यात आधी काय बघावं?

फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसचा १९९१ चा चॉकलेट-गोळ्यांचा ढीग. रंगीत कागदातल्या गोळ्या कोपऱ्यात ओतलेल्या, सुरुवातीचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे ७९ किलोच्या आसपास. कामाच्या नावात त्याच्या जोडीदाराचं नाव आहे, रॉस, जो त्याच वर्षी एड्सने गेला. येणाऱ्याने एक गोळी उचलून खायची. ढीग कमी होत जातो, जसं त्या आजारात माणूस कमी होत जातो, आणि तुमच्या तोंडात गोड चव असते. म्युझियमला वाटलं तर ढीग परत भरता येतो. मला अजून ठरवता आलेलं नाही की ती गोळी उचलणं बरोबर का चूक, आणि बहुतेक कामाची ताकद तीच आहे.

दुसरं एड्सची गोधडी, एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत शिवलेल्या तुकड्यांची, १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला पहिल्यांदा अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते, प्रत्येक ३ बाय ६ फूट, साधारण एका कबरीएवढा, घरच्यांनी आणि मित्रांनी शिवलेला. त्यावर शर्ट, टेडी, पत्रं. आणि कोविडनंतर लंडनला पार्लमेंटसमोर नदीकाठच्या भिंतीवर लोकांनी रंगवलेली लाल हृदयं, प्रत्येक गेलेल्यासाठी एक, सुरुवातीलाच दीड लाखाच्या आसपास होती. कोणी म्हणेल ही म्युझियमवाली कला नाही. नसू दे.

ल्यूक जेरॅमचे काचेचे व्हायरस पण बघा, पूर्ण बिनरंगाचे. कारण व्हायरस इतका लहान असतो की त्याला रंगच नसतो, बातम्यांमधला लाल-हिरवा रंग आपण भरलेला असतो.

गुलामगिरीचा आणि डॉक्टरकीचा काय संबंध आणि कलाकार त्यात का पडले?

जे. मॅरियन सिम्स या अमेरिकन डॉक्टरला स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणायचे. त्याने १८४० च्या दशकात अलाबामात गुलाम बायकांवर भूल न देता ऑपरेशनं केली, ॲनार्का नावाच्या मुलीवर तर ३० च्या आसपास. त्याचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कपाशी होता, आंदोलनं झाली, त्यात कलाकार पुढे होते, आणि एप्रिल २०१८ मध्ये तो काढला. मिशेल ब्राउडर यांनी २०२१ मध्ये माँटगोमेरीत, जिथे हे घडलं त्याच गावात, ॲनार्का, बेट्सी आणि लूसी या तिघींचे उंच पुतळे उभे केले, टाकाऊ लोखंड वेल्डिंग करून. जनकाचा पुतळा सगळ्यांनी बघितला होता, आता या तिघींची नावं मोठ्याने वाचता येतात.

वांगेची मुटूचं पण नाव लक्षात ठेवा. तिने गर्भाशयाच्या गाठींच्या जुन्या वैद्यकीय चित्रांवर मासिकांतले ओठ, डोळे, फर चिकटवून काळ्या बायकांचे चेहरे केले, १२ चा संच आहे. लांबून सुंदर, जवळ गेलं की पोटात गोळा येतो.

मृत शरीर वापरायला परवानगी लागत नाही का?

लागते, लागायलाच हवी. ब्रिटनमध्ये एका शिल्पकाराने रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समधून मानवी अवयव चोरून नेऊन त्यांचे साचे काढले, १९९८ मध्ये त्याला तुरुंगवास झाला. गुंथर फॉन हागेन्सची प्लॅस्टिक भरलेली प्रेतं जगभर फिरतात, तिथेही लोक हेच विचारतात की या माणसाने सही केली होती का. माझं मत सरळ आहे, सही नसेल तर ते काम कितीही देखणं असो, मी तिकीट काढणार नाही.

लॅबमध्ये वाढवलेली कला म्हणजे काय?

जिवंत पेशींपासून केलेली. ओरॉन कॅट्स आणि आयोनात झुर यांनी पेशींपासून इवलासा कोट वाढवला होता, २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये तो इतका वाढत सुटला की त्याचं पोषण बंद करावं लागलं. क्युरेटरला, म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्या बाईंना, ते बटण बंद करणं जड गेलं होतं.

डॉक्टरांना या सगळ्याचा काही उपयोग होतो का?

होतो. अमेरिकेतल्या येल युनिव्हर्सिटीत एका त्वचारोगतज्ज्ञाने आणि म्युझियमच्या बाईंनी मिळून विद्यार्थ्यांना चित्रांसमोर उभं करायला सुरुवात केली, फक्त दिसतंय ते सांगा, अर्थ नंतर. २००१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की अशा मुलांचं पेशंटकडे बघणं सुधारतं.

पण त्याहून जुनं आणि मला जवळचं उदाहरण हेन्री टॉंक्सचं. आधी सर्जन, मग चित्रकलेचा मास्तर. पहिल्या महायुद्धात चेहरे फाटलेल्या सैनिकांची त्याने पेस्टलमध्ये चित्रं काढली, हॅरोल्ड गिलीज त्यांच्यावर प्लॅस्टिक सर्जरी करत होते आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत न दिसणारा मांसाचा रंग त्यांना या चित्रांतून मिळायचा. ही चित्रं सर्जरीच्या नोंदी म्हणून काढलेली, पण डोळे बघा, बरीच माणसं तुमच्याकडे रोखून बघतायत. फाटलेल्या जबड्याच्या वर शाबूत डोळे.

औषध कंपन्यांचा पैसा म्युझियमना चालतो का?

बऱ्याच ठिकाणी चालायचा. नॅन गोल्डिन ही फोटोग्राफर स्वतः ऑक्सिकॉन्टिन या पेनकिलरच्या व्यसनातून बाहेर आलेली. मार्च २०१८ मध्ये तिने आणि तिच्या साथीदारांनी न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधल्या पाण्याच्या हौदात औषधाच्या बाटल्या टाकल्या, कारण ती गोळी बनवणाऱ्या कंपनीशी जोडलेल्या सॅकलर कुटुंबाचं नाव त्या भागाला होतं. २०१९ मध्ये पॅरिसच्या लूव्र म्युझियमने ते नाव काढलं, २०२१ मध्ये मेटनेही.

मला रक्त बघून चक्कर येते. मी हे बघू शकते का?

नक्कीच. ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थच्या हॉस्पिटलच्या चित्रांपासून सुरू करा. तिच्या मुलीला हाडाचा आजार झाला होता, त्यातून एका सर्जनशी ओळख झाली, आणि १९४७ नंतर ती ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहून चित्रं काढायची. जखम जवळपास दिसतच नाही. मास्कच्या वरचे डोळे आणि काम करणारे हात, निळसर-पांढरा उजेड, सगळे एकाच ठिकाणी बघतायत आणि कोणालाच आपण बघितले जातोय याचं भान नाही. मग गोळ्यांची जाळी, मग चॉकलेट-गोळ्यांचा ढीग. जो स्पेन्सचा फोटो शेवटी बघा, आणि सोबत कोणी असेल तेव्हाच.